गडावर जायचं, पण कुठल्या वाटेनं?

कोणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कोणी भात चुलीवर ठेवून बसल्या असाल. काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

भाताची झोडणी झाली, पेंढा रचून झाला, की आपल्याकडे दोन बोलणी सुरू होतात. एक लग्नांची, दुसरी गटाच्या सहलीची. लग्नांचं तुमचं तुम्ही बघा. मी सहलीचं बोलणार आहे, आणि सहलही लांबची नाही. आपल्या नात्यावरून रोज गाड्या भरभरून जिकडे जातात, त्या रायगडाची.

मी लग्न होऊन नात्यात आले त्याला आता चोवीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं मी एसटीच्या पाटीवर नुसतं ‘रायगड’ वाचत होते. मुंबईची माणसं जातात, पुण्याची जातात, कोल्हापूर-साताऱ्याची पोरं रात्रभर प्रवास करून येतात, आणि आपण पायथ्याच्या बायका मात्र ‘जाऊ की कधीतरी, इथंच तर आहे’ म्हणत राहतो. तुमच्या गटात विचारून बघा, किती जणी वर गेल्यात ते. शाळेच्या सहलीत गेलेल्या सोडा, त्या वयात माणूस बकरीसारखं चढतं.

तर दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं ठरवलं, या वेळी जायचंच. आम्ही पंधरा जणी. दर महिन्याच्या बचतीबरोबर दहा रुपये सहलीचे म्हणून वेगळे काढत होतो, त्याचा हिशेब वेगळ्या वहीत. हिशेबाच्या बाबतीत आमचा गट पक्का आहे हो. चिंतामणराव देशमुख, रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांचा जन्म १८९६ साली आपल्या नात्यातच झाला. त्यांचा वारा आमच्या वहीला लागलाय असं आम्ही बँकेत गेल्यावर सांगतो. साहेब हसतात, पण काम लवकर होतं.

गाडी कुठली, डब्यात काय, साडी कुठल्या रंगाची, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. आणि वर जायचं कुठल्या वाटेनं, हे एका मिनिटात ठरलं. कोणीतरी म्हणालं, पायऱ्यांनीच. दुसरी म्हणाली, रोपवेनं जायचं ते म्हाताऱ्यांनी, नाहीतर पैसेवाल्यांनी. सगळ्या हसल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईही हसल्या. त्या हसण्यात मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

आता दिवस कुठला निवडला ऐका. मार्गशीर्षातला गुरुवार. शाळेला काही कारणानं सुट्टी होती, पोरांची कटकट नाही, म्हणून तो बरा वाटला. म्हणजे पंधरातल्या अकरा जणींना लक्ष्मीचा उपास. घरचं पाणी, दूध, सासऱ्यांचा चहा, नवऱ्याचा डबा करून मिनीडोरमध्ये बसेपर्यंत नऊ वाजले. पाचाडला आऊसाहेबांच्या समाधीवर डोकं टेकवलं आणि चित दरवाज्याशी पहिली पायरी चढलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ऊन डोक्यावर यायला लागलेलं.

महादरवाज्याच्या खाली, शेवटच्या वळणांवर, जाऊबाई खाली बसल्या. आम्हाला वाटलं दमल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा. आम्ही खरंच चार पायऱ्या पुढे झालो. मागं वळून बघितलं तर त्या एका कुशीवर कलंडलेल्या, ओठ पांढरे पडलेले, कपाळाला गार घाम.

तिथं एक ताकवाली बसली होती. डोक्यावरून हंडा चढवून रोज विकणारी, आपल्यासारखीच. तिनं आमच्यासारखी आरडाओरड केली नाही. जाऊबाईंना सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले, पोलक्याची बटणं सैल केली. शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. मग तिचा मुलगा आणि आम्ही चौघी, असं धरत धरत, बसत बसत त्यांना खाली आणलं. वर यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट लागला. बाकीच्या वर गेल्याच नाहीत. सगळ्या उतरल्या.

दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा.

बाईचं हिमोग्लोबिन बारा तरी असावं लागतं. साडेसहा घेऊन या बाईनं त्या वर्षीचं सगळं भात कापलं होतं, भारे वाहिले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळीला अंगावरून किती जातं? जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. एका घरात आम्ही दोघी, एका न्हाणीघरात कपडे धुतो, आणि मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्यांना दर महिन्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस जात होतं. ‘आता वय झालं, जायचंच असेल’ म्हणून त्या गप्प. सोनोग्राफी केली तर पिशवीत गाठ निघाली. उपचार झाले, आता त्या बऱ्या आहेत. पण ही गोष्ट गडाच्या पायऱ्यांवर कळावी लागली.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. उपासामुळे म्हणाल तर नाही. मधल्या वाटेवर बाईमाणसाला जायची सोय नाही, म्हणून. मी हे गटात बोलले तर आणखी सहा जणी म्हणाल्या, आम्हीही नव्हतं प्यायलं. एसटीनं महाडच्या पुढं जायचं असलं तरी आपण हेच करतो ना? घशाला कोरड पडली तरी चालेल, पण वाटेत लागायला नको. अशा सुकलेल्या अंगानं आम्ही गड चढायला निघालो होतो.

त्यानंतर आम्ही वाटेचा विचार नीट केला. एक अख्खी बैठक त्याच्यावर घातली. ते तुम्हाला सांगते.

रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाईचं, १६४६ मीटर, तिकडे नगर जिल्ह्यातल्या बारी गावातून लोखंडी शिड्या चढून जातात. त्याच्या निम्माच आपला गड. पण नगरची माणसं आधीच उंचावर राहतात. आपण राहतो खाली नदीकाठाला, म्हणून आपल्याला तो अंगावर येतो.

रूढ वाट चित दरवाज्याची. पाचाडहून खिंडीत आलं की तिथूनच पायऱ्या लागतात, बाजूला खुबलढा बुरूज. पायऱ्या किती? कोणी चौदाशे सांगतं, कोणी सतराशे. आमच्यातली एक पोरगी मोजायला लागली आणि तीनदा चुकली. रोज चालणारी बाई दीड तासात जाते, सवय नसलेलीला दोन-अडीच लागतात. ही वाट माणसांची आहे. लिंबूसरबत, ताक, काकडी विकणाऱ्या बाया असतात, कोणी पडलं तर हाक ऐकायला माणूस असतं. एकच फसगत आहे. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूला चकवायला तसं बांधलंय, पण दमलेल्या बाईलाही ते चकवतं. आणि दरवाजा आला म्हणजे गड आला, असंही नाही. तिथून हत्ती तलावापर्यंत अजून चांगली चढण आहे. सगळा जोर दरवाज्यापर्यंत संपवून टाकला तर पुढं पाय उचलत नाहीत. म्हणून दरवाज्यात पंधरा मिनिटं बसायचंच, असा आमचा नियम आहे.

दुसरी वाट नाणे दरवाज्याची. ही जुनी वाट, झाडीतून जाते, सावली असते, गर्दी कमी, आणि पुढे महादरवाज्याच्या खाली पायऱ्यांनाच मिळते. सावलीचं ऐकून आमच्या काही जणी लगेच म्हणाल्या, मग हीच. पण सोबत वाट माहीत असलेलं गावातलं कोणी असेल तरच हिच्यानं जावं. गर्दी कमी म्हणजे मदतही कमी. ताकवाली तिथं नव्हती तर आमचं काय झालं असतं, ते मला अजून रात्री आठवतं.

वाघ दरवाज्याचं नाव कुणी काढलं तर हात जोडा. राजाराम महाराज १६८९ मध्ये वेढ्यातून त्या बाजूनं निसटले असं सांगतात. ती जीव वाचवायची वाट होती, सहलीची नव्हे. तिथं दोर लागतात, शिकलेली माणसं लागतात.

आणि मग येते आपली हिरकणी. तिची गोष्ट मी सांगायला नको. कोजागिरीची रात्र, दूध घालायला गेलेली, दरवाजे बंद, घरी तान्हं लेकरू, आणि ती कड्यावरून उतरली. महाराजांनी तिथं बुरूज बांधला. एसटीच्या स्थानकावर लेकराला पाजायला जी खोली असते, तिला आज तिचंच नाव आहे. पण बायांनो, त्या रात्री तिला कुणी विचारलं नव्हतं, बाई तू कुठल्या वाटेनं जाणार? तिच्यापुढं वाटच ठेवली नव्हती. आमच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, ‘हिरकणी कडा उतरली आणि तुम्हाला पायऱ्या होत नाहीत?’ तेव्हा माझी धाकटी नणंद, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, ‘काकू, हिरकणीला दरवाजा उघडा मिळाला असता तर ती दरवाज्यानंच गेली असती.’ काकू गप्प बसल्या. मीही.

आता रोपवे. तो १९९६ पासून आहे, खाली हिरकणीवाडीतून निघतो. पाळण्यात बसलं की चार-पाच मिनिटांत वर. तो वर कुठं सोडतो माहीत आहे? मेणा दरवाज्याजवळ, राणीवशाच्या बाजूला. मेणा म्हणजे पालखीसारखं बंद वाहन, राण्यांना न्यायचं. तेव्हा पायी चढलं तरच गड पावतो, हे ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी राण्यांना जाऊन सांगावं. आणि आऊसाहेबांचंच बघा. म्हातारपणी गडावरची गार हवा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी पाचाडला वाडा बांधून दिला. राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला, ६ जून १६७४ ला, आणि १७ जूनला पाचाडलाच देह ठेवला. त्यांनी खाली राहायचं ठरवलं म्हणून त्या कुठं कमी झाल्या?

रोपवेबद्दल एक बारकी गोष्ट आम्हाला आशाताईंनी समजावली, ती फार कामाची आहे. चढताना छाती लागते, उतरताना गुडघे लागतात. ज्यांना दम लागतो, रक्त कमी आहे, बीपी आहे, त्यांनी वर जाताना रोपवे घ्यावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचं उलट. त्या हळूहळू चढतील, पण उतरताना प्रत्येक पायरीला अंगाचा भार गुडघ्यावर येतो, रात्री पाय सुजून खांब होतात. त्यांनी खाली येताना पाळण्यात बसावं. आम्ही आधी समजत होतो की एकतर जाऊन-येऊन रोपवे, नाहीतर जाऊन-येऊन पायऱ्या. तसं काही नाही. एका बाजूचं तिकीट मिळतं का, भाव काय, आज चालू आहे का, हे खिडकीवर आधी विचारून घ्यायचं. वारा फार असला तर बंद ठेवतात, दुरुस्तीलाही ठेवतात, आणि सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास रांग असते. छातीत दुखणं, हृदयाचा जुना आजार असलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोच.

पैशाचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. पहिल्यांदा ठरलं, रोपवे ज्याला हवा त्यानं आपले पैसे भरावे. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग झालं काय, ज्यांना खरी गरज, त्या दोन म्हाताऱ्या आणि एक एकटी राहणारी ताई लगेच म्हणाल्या, आम्ही चढू की, आम्हाला काय झालंय. आणि जिची तब्येत ठणठणीत, नवरा कंपनीत, ती म्हणाली मी रोपवेनं. म्हणजे वाट तब्येतीनं ठरेना, पाकिटानं ठरायला लागली. शेवटी दहा-दहा रुपयांच्या त्या वहीतूनच सगळ्यांचा खर्च करायचा ठरलं, रोपवे कोणाला ते आशाताई सांगतील, आणि हौसेनं बसणाऱ्यांनी तेवढे आपले पैसे द्यायचे. एक जण रुसली. दोन महिने रुसली. मग आली.

सहलीच्या महिनाभर आधी आम्ही सगळ्यांनी उपकेंद्रात हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घेतलं. पंधरात नऊ जणींचं रक्त कमी. हे ऐकून दचकू नका. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं कमीच निघालं होतं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, चहानं त्यांचा गुण जातो. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका. आणि अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्यांवर थांबू नका, कारण शोधायला सांगा. हे मी माझ्या जाऊबाईंना विचारून बोलते आहे. त्या म्हणाल्या, सांग, रेडिओवर सांग, नाव घेऊ नको फक्त.

दिवसाचंही सांगते. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. २०२४ च्या जुलैत गडावर असा पाऊस झाला की पायऱ्यांवरून ओढ्यासारखं पाणी धावत होतं, माणसं अडकली, मग वाट बंद करावी लागली. त्या चित्रफिती तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. तळियेचं दुःख पाहिलेल्या आपल्या तालुक्याला, डोंगर पावसात काय करतो ते वेगळं सांगायला नको. राज्याभिषेकाच्या दिवसांत गर्दी मावत नाही. चैत्र-वैशाखात दगड तापतो. आपल्याला बरं म्हणजे झोडणी झाल्यापासून शिमग्याच्या आधीपर्यंत, आणि तेही मधल्या वारी, शनिवार-रविवार सोडून. उपासाचा वार नको. जिचा उपास सुटत नसेल तिनं केळी, खजूर, ताक तरी घ्यावं. पहिली पायरी सात वाजता. त्यासाठी घरच्यांनी एक दिवस आपला चहा आपण करून घ्यावा, हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. कुणाचा जीव जात नाही.

पाणी प्या. निघायच्या आधी खाली सोय आहे तिथं जाऊन या, वर गेल्यावरही सोय आहे. मधल्या दोन तासांसाठी पाणी तोडू नका. पायात रबराच्या गुळगुळीत सपाता नकोत, पायऱ्या माणसांच्या पायांनी झिजून घोटीव झाल्यात. माकडं पिशवी ओढतात, म्हणून भाकरी फडक्यात बांधून पाठीला. सगळ्यात हळू चालणारी बाई पुढं आणि सगळ्यात तरतरीत मागं, असं चालायचं. आम्ही उलट चाललो होतो, म्हणून जाऊबाई पडल्या तेव्हा निम्म्या जणी हाकेच्या पलीकडे होत्या. छातीत दुखलं, गार घाम आला, डोळ्यापुढं अंधारी आली तर तिथंच थांबायचं आणि १०८ ला फोन लावायचा. रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा वाटेवरच्या दुकानदाराला सांगायचं.

गेल्या वर्षी आम्ही असे गेलो. नऊ जणी पायऱ्यांनी, चार रोपवेनं, आणि दोघी खाली पाचाडला. त्या दोघींत जाऊबाई होत्या, त्यांचं रक्त अजून भरायचं होतं. त्यांनी आऊसाहेबांचा वाडा निवांत पाहिला. तिथं तक्क्याची विहीर आहे, तिच्या काठाला आऊसाहेब टेकून बसायच्या असं सांगतात. जाऊबाईही म्हणे तासभर बसल्या. वर आम्ही दोन्हीकडच्या जणी होळीच्या माळावर शिर्काईच्या देवळाशी भेटलो, तीच जागा ठरवली होती. रोपवेवाल्या कधीच्या येऊन बसलेल्या. आम्ही घामाघूम. देवीची ओटी भरली, तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, मग बाजारपेठेतून जगदीश्वराला आणि महाराजांच्या समाधीला गेलो. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, नात्यातच जन्मल्या, नात्यातच दिल्या. समाधीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘एवढ्या जवळ होतं गं.’

या वर्षी जाऊबाईंचं हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय. आमच्या बैठकीत वाटेचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच बोलल्या, वर जाताना मी पाळण्यात बसणार, उतरताना पायऱ्यांनी येणार. आम्ही म्हटलं, उतरताना तरी कशाला पायऱ्या? तर म्हणाल्या, त्या ताकवालीचं त्या दिवशीचं ताक आम्ही सगळ्यांनी प्यायलं आणि गडबडीत पैसे द्यायचे राहिले. गेल्या वर्षी तुम्ही शोधलं तर ती बाजाराला गेली होती म्हणे. पंधरा पेल्यांचे पैसे मी कमरेला लावून ठेवलेत.